पलटणीतून घरसंसारात

ऑगस्टाताईच्या चरणी धाकट्या थिओचा नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझी मांजर, दोघांची तब्येत बरी असावी (मांजरीची असेलच, तिच्याकडे तू लक्ष देतेस).

परवा आमच्या लाकडी गढीत जुन्या काळचा दिवस साजरा झाला, म्हणजे सगळ्यांनी त्या काळचे कपडे घालून त्या काळासारखं वागायचं. सरहद्दीवरची शेतकऱ्यांची पलटण एकीकडे, त्यांचा घरसंसार दुसरीकडे. इतकी वर्षं मी पलटणीत, पहिल्या रांगेत उभा राहतो, हे तुला ठाऊक आहेच. यंदा तर बंदुकांची सलामी झाल्यावर मला कविता म्हणू द्यायचं कबूल केलं होतं. तीच, चौथीत ब्रॅमहॉलबाईंनी शिकवलेली, सरहद्दीवरच्या शिपायाची, चौदा कडव्यांची. मेपलची पानं झडायला लागली की ती आपोआप ओठांवर येते. तू तेव्हा कानात बोटं घालायचीस, तेही आठवतं.

पण यंदा पलटणीला नवा कप्तान लाभला, डुएन (एरवी दातांचा डॉक्टर, त्यामुळे तोंड उघडलेल्या माणसाची त्याला पर्वा नाही). त्याने फाटकातच माझा चष्मा काढून घेतला. त्या काळी प्लास्टिक नव्हतं म्हणे. तारेचा गोल चष्मा चालेल, हा नाही. स्वतःच्या दातांवरच्या पांढऱ्याशुभ्र कवचांबद्दल इतिहासात काय लिहिलंय, ते त्याने सांगितलं नाही.

मग काय, धुक्यातच कवायत केली. उजवीकडे वळायचा हुकूम झाला, मी वळलो. पुढे टोप्या आणि बंदुकांच्या नळ्या दिसल्या, त्यांच्यामागे शिस्तीत उभा राहिलो. रांग एकेक पाऊल सरकत होती. काय संयम, मनात आलं. तेवढ्यात लांबून सलामीचा बार ऐकू आला. तो लांबून का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी छाती फुगवून सुरुवात केली. पाचव्या कडव्याला मागचा शिपाई अदबीने म्हणाला, "आजोबा, कविता छान आहे, पण पुढे सरका. आतला बाहेर आलाय."

ताई, ती दुसऱ्या गावच्या पलटणीची, निळ्या प्लास्टिकच्या संडासापुढची रांग होती. (ते प्लास्टिक त्या काळी असावं.)

डुएनने खांद्यावर हात ठेवला. "थिओकाका, आजपासून तुम्ही घरसंसारात."

म्हणजे झोपडीत, चुलीपाशी, पिंपात साय घुसळून लोणी काढायला. सरहद्दीचा रक्षक पिंपाशी बसला. तिथल्या कारभारीण विनिफ्रेडबाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, म्हणाल्या, "म्हणा ना ती कविता. घुसळताना ताल चुकणार नाही." चौदाही कडवी झाली. लोणी आलं. कानात बोटं कुणी घातली नाहीत.

तुझा,
थिओ

ता. क. – वाटणीत आजोबांचा तारेचा गोल चष्मा तुझ्याकडे गेला. चांदीचे चमचेही गेले, त्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. चष्मा तेवढा पाठव, काचा मी माझ्या नंबरच्या बसवून घेईन. पहिल्या रांगेतली माझी जागा मला परत हवी आहे.

पुन्हा ता. क. – पलटणीचं राहू दे. ती डुएनला लखलाभ. चष्मा मात्र लगेच पाठव. विनिफ्रेडबाईंनी रविवारी त्याच झोपडीत, जुन्याच वेषात, मक्याच्या पावावर लोणी खायला बोलावलंय, आणि पांढऱ्या टोपीखाली त्या दिसतात कशा, ते मी अजून पाहिलेलं नाही.