एकच गणपती, दोन चुली

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, म्हणून आज तुम्हाला जरा बोलून घेते. आता डोळे वटारलेत तरी मला थोडेच दिसणार!

तुमचे जावई गेल्यावर मी मस्कतला आले. राहते रुवीत, स्वैपाकाला जाते मदिनत सुलतान काबूस नावाच्या वस्तीत, एका स्पेनच्या जोडप्याकडे. सर माद्रिदचे, मॅडम बार्सिलोनाच्या. मॅडमच्या मुलखाचं नाव कॅटलोनिया. त्या लोकांना स्पेनपासून वेगळं व्हायचंय. सगळ्यांना नाही, निम्म्यांना म्हणा. त्यावरून दोघांनी आठवडाभर एका टेबलावर जेवण केलं नव्हतं. मी दोन खोल्यांत दोन ताटं नेत होते.

परवा रविवारी त्यांच्याकडे मतदान होतं, सरकारने बंदी घातलेलं. टीव्हीवर पोलीस शाळेत घुसून पेट्या उचलतायत, माणसांना ओढतायत. मॅडम रडतायत, त्यांची आई तिथे रांगेत उभी आहे. सर म्हणाले, "कायद्यात बसत नाही. देश सगळ्यांचा, विचारायचं तर सगळ्यांना विचारा." आणि मला तिथे तुमचा पाय दिसला, अण्णा.

काकांनी वेगळी चूल तीनदा मागितली. तुम्ही म्हणायचात, "या घरातून दुसरा धूर निघायचा नाही." मग काकूने पडवीत गुपचूप मातीची चूल घातली. ओली होती अजून. तुम्ही लाथेने मोडलीत. थोरले तुम्ही, घर तुमच्या नावावर, कायदा तुमचाच. पण काकांचं तोवर जाऊ की नको चाललं होतं, ते त्या लाथेने ठरलं.

मी सरांना विचारलं, "सर, मॅडमला विचारायला काय जातं?"

"विचारलं आणि ती गेली तर?"

"न विचारता लवकर जाते, सर."

मॅडम हसल्या, तशी मी त्यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही गेलात तर गणपती कुणाकडे?" मग दोघांना समजावलं, माझ्या तोडक्या इंग्रजीत, की आमच्या गावात भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, पण गणपती थोरल्या घरातच बसतो आणि आरतीला सगळे येतात. सर म्हणाले, "त्यांना त्यांची चूल दिलीच आहे, वेगळं सरकार, वेगळ्या अधिकारांचा कायदा." मॅडम म्हणाल्या, "तो कायदा कोर्टाने कापला." "मग तो परत बसून लिहायला हवा," सर हळूच म्हणाले. मी म्हटलं, "आधी जेवायला बसा, यल्ला, चला." बसले. मीठ एकमेकांना दिलं.

आपल्याकडे तेवढंही झालं नाही. त्या वर्षी तुम्ही दुपारपर्यंत आरती थांबवून दारात उभे होतात. काका आले नाहीत. मग कधीच आले नाहीत.

जेवताना त्यांना मी आपल्या चुलीची गोष्ट सांगितली. ती ऐकून सरांनी विचारलं, "वडलांना चुलीचं कळलं कसं?" मी ताटं उचलली आणि आत गेले. अण्णा, काकूने मला शपथ घातली होती. पण तुमच्या मिशा रागाने कशा थरथरतात ते बघायची मला भारी हौस, म्हणून धावत येऊन तुम्हाला मीच सांगितलं. तुम्ही मला तेव्हा गूळ दिला होतात. मी तो पडवीतच बसून खाल्ला.

हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवते. सरांना उद्या सांगेन म्हणते, पण नाही सांगणार.