होसियतबाईंच्या तंदुरातला पाठ

इस्तरवशान, ७ एप्रिल

चि. मोहिरा हिस,

अल्लाह तुला उदंड आयुष्य आणि त्याहून उदंड सबुरी देवो. वि. वि., येथे सर्व क्षेम. जर्दाळू फुलले आहेत, माझे गुडघे कुरकुरत आहेत; दोन्ही ऋतुमानाप्रमाणे.

मुलांनी आधी प्रश्न विचारावा, मग स्वतः करून पाहावे आणि बाईंनी उत्तर ओठांआड दाबून धरावे, ही जी पद्धत तू शिक्षकांना शिकवून गेलीस, ती आमच्या मोहल्ल्यातील होसियतबाई फार निष्ठेने चालवीत आहेत. जिल्ह्याच्या शिक्षण खात्याची मंडळी पाठ पाहावयास येणार म्हणून तालमी सुरू आहेत. कोणत्या मुलाने कोणता प्रश्न आपणहून विचारावयाचा, हे बाईंनी नेमून दिले आहे! शुक्रोना नावाच्या चिमुरडीच्या चेहऱ्यावर आश्चर्य पुरेसे उमटेना, म्हणून तिला ते पुन्हा पुन्हा करावयास लावले. भिंतीपलीकडून ऐकून तुझ्या काकीची हसून पुरेवाट झाली.

खरी अडचण निराळीच आहे. तुझ्या आखणीप्रमाणे एक नान मागच्या बाजूने ओली करून तंदुराच्या भिंतीला थापावयाची, दुसरी कोरडी, आणि कोणती पडते ते पाहावयाचे. बाई म्हणतात, नान राखेत पाडायला मुलांना मी शिकवू? त्यापेक्षा पाठच नको. तुझे काय म्हणणे?

लोभ ताजा ठेवावा.

तुझा काका,
मिर्झोशरीफ


खुजंद, १० एप्रिल

ती. काकांच्या सेवेशी, मोहिराचे आदरपूर्वक सलाम.

वि. वि., पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. नानचा पडलेला कण कपाळाला लावण्याची रीत आपल्या घरची, आणि आखणी करताना मला तीच आठवू नये! ही पद्धत म्हणजे नुसता खेळ, असं जिल्ह्यातली मंडळी आधीच म्हणताहेत. हा पाठ झाला नाही, तर शरदापासून सगळ्या शाळांत ती बंद होईल, आणि माझ्यावर सर्वांत आधी विश्वास टाकणाऱ्या होसियतबाई पुन्हा घोकंपट्टी घेत बसतील.

मोहल्ला तुमच्या मागे नमाजाला उभा राहतो; तुमचा शब्द तिथे चालेल. काही वाट काढा. मात्र एक लाडाची विनंती: पाठात प्रवचन नको. तुम्हाला सगळ्याची उत्तरं येतात, याचीच मला धास्ती वाटते.

काकींना सलाम. माया असू द्यावी.

आपली,
मोहिरा


इस्तरवशान, १६ एप्रिल

चि. मोहिरा हिस, भरभरून दुआ.

वि. वि., मी निर्णय दिला तो असा: मान नानचा आहे, कच्ची कणीक ही अद्याप नान नव्हे. तरीही खाली स्वच्छ परात ठेवावी, म्हणजे राखेचा स्पर्श नको. होसियतबाईंना तो मानवला.

काल मंडळी आली; मीही हजर होतो. ओली चिकटली, कोरडी परातीत पडली. मुलांनी ठरल्याप्रमाणे आश्चर्य केले. इतक्यात शुक्रोना, जिला कोणताही प्रश्न नेमलेला नव्हता, माझ्याकडे वळली. मुले मला दोमुल्लो-बोबो, म्हणजे मौलवी-आजोबा, म्हणतात.

"दोमुल्लो-बोबो, ही अजून नान नाही ना? मग ती नान कधी होते?"

होसियतबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हा प्रश्न कोणत्याही तालमीत नव्हता. माझ्या जिभेवर शास्त्राधार गोळा झाले. एकेक तपासून पाहिला, एकही पुरेना.

"ठाऊक नाही, पोरी. बघायला हवं."

सारा वर्ग तंदुराभोवती लोटला. कोणी म्हणाले फुगली की, कोणी म्हणाले वास सुटला की. जिल्ह्याच्या पथकाच्या प्रमुख बाई मोठ्या करड्या. त्यांनी तांबूस डाग पडले की, असे जाहीर केले, तर त्यांचेच एक सहकारी म्हणाले, छे, भिंतीने सोडली की. दोघे हमरीतुमरीवर आले. अखेर पद्धत चालू राहील असे प्रमुख बाईंनी सांगितले. शरदात त्या पुन्हा येणार आहेत. तपासणीसाठी नव्हे, वाद अर्धा राहिला आहे म्हणून.

सायंकाळी होसियतबाई चहाला आल्या. उद्या वर्गात कोण काय विचारणार, असे मी सहज विचारले.

"मला काय माहीत, दोमुल्लो!" त्या म्हणाल्या, आणि इतक्या खुशीत म्हणाल्या की तुझ्या काकीने त्यांचा पेला न विचारताच पुन्हा भरला.

आठवण ठेवावी, पत्र धाडावे.

तुझा काका,
मिर्झोशरीफ