कांद्याच्या माळेच्या व्हिडिओबाबत विहीणबाईंस खुलासा

रामवाडी, पेण
वैशाख वद्य एकादशी

सौ. हेमलता विहीणबाई यांस,

पेणहून शकुंतला कमळाकर म्हात्रे हिचा पदर सावरून नमस्कार. तुमच्या रोह्याच्या धाविरमहाराजांच्या कृपेने तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देत असेल, भाऊसाहेबांची साखर ताब्यात असेल आणि बाल्कनीतली तुळस या खेपेस तरी जगली असेल अशी आशा आहे. (तुळशीला फ्रीजमधलं पाणी घालू नये, हे मी मागेच म्हटलं होतं. असो.) आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा खोकला आहे तसाच आहे. बोलायला काही सुचलं नाही की ते खोकतात, त्यामुळे औषध बंद केलं.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मधे बोलता. पत्रात मधे बोलायची सोय नाही, म्हणून पत्र. हे उद्या कामाने रोह्याला येताहेत, त्यांच्या हाती पोह्याच्या पापडांच्या पिशवीत घालून देते आहे. पापड आधी काढा, पत्राला तेल लागेल.

तर कारण असं, की जावईबापूंनी माझा जो व्हिडिओ तुम्हाला पाठवला, तो तुम्ही तुमच्या महिला मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवलात, आणि "आमच्या विहीणबाई दारातून गेल्या त्या गेल्याच" असं म्हणालात. (तुमच्या मंडळातल्या एक बाई पेणच्या माहेरवाशीण आहेत, हे तुमच्या लक्षात राहिलं नाही.) व्हिडिओत दार दिसतं, दाराबाहेरचं दिसत नाही. ते दिसावं म्हणून हा खुलासा.

मुळापासून सांगते, म्हणजे पत्र मंडळात वाचायचं झालं तर अर्धवट वाटायला नको. नम्रताचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण आईने करायचं असतं, हे रोह्यालाही मान्य असावं. पण ती बसली आयर्लंडला, डॉक्टरीणबाईंनी तिला पडून राहायला सांगितलेलं, आणि प्रविणरावांना कंपनीत शिफ्ट. जावईबापूंचं म्हणणं, दोन तिकिटं परवडत नाहीत, आपल्या दोघींपैकी एकीलाच बोलावणं जमेल, आणि जी येईल तिला आठवड्याचा बाजार एकटीने करता आला पाहिजे, कारण दुकान बसने जाण्याइतकं लांब आणि तिथे मराठी कोणाला कळत नाही. "माझ्या आईला इंग्रजी येतं," असंही ते म्हणाले. येत असेल. तुम्ही बी.ए. झालात, बँकेत खुर्चीवर बसलात, मी मॅट्रिक होऊन चुलीपाशी बसले. पण बाळंतिणीला अळिवाची खीर लागते, ती बी.ए.ला शिकवतात असं मी ऐकलेलं नाही. शेवटी नम्रताच म्हणाली, आई, तू क्लास लाव, आणि बाजाराबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोलतेस असा व्हिडिओ पाठव, मग मी ह्यांना सांगते. म्हणून या वयात मी दप्तर घेतलं.

क्लास आमच्या इथेच, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. हरेश सर शिकवतात. मुलगा शेलाटा, सालस, आणि शर्टाला बटणं असून लावत नाही. त्यांच्या पुस्तकात एक धडा आहे, आठवड्याच्या वाणसामानाबद्दल कसं बोलावं. त्या धड्यात मिसेस ब्राऊन म्हणून एक बाई आहे. विहीणबाई, मी आजवर पुष्कळ बेशिस्त संसार पाहिले (नातेवाइकांतही पाहिले, नावं घेत नाही), पण या बाईच्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही.

ही बाई दर शनिवारी बाजाराला जाते. शनिवारी! आणि घेते काय, तर पहिल्याच ओळीत तेल, दुसऱ्या ओळीत मीठ. शनिवारी तेल घरात आणून वर तोंड करून इंग्रजीत सांगते. सात दिवसांचं दूध एकदम आणते. म्हणजे पुढच्या शुक्रवारी तिच्या घरात चहा कशाचा होतो, ते देवच जाणे. टोमॅटो दाबून पाहत नाही, भेंडीचं टोक मोडून पाहत नाही, नारळ कानाशी हलवत नाही, जे डब्यात बंद असेल ते उचलते. केळी, अंडी आणि कोंबडी एकाच गाडीत ढकलत नेते, म्हणजे उद्या ती केळी देवापुढे ठेवायची झाली तर? पण ठेवायची नसावीत. तिच्या आठवड्यात चतुर्थी नाही, एकादशी नाही, सोमवार नाही, सातही दिवस अंडी. भाजीवर कोथिंबीर-मिरची मागत नाही. भाव विचारत नाही. दुकानदार जो आकडा सांगेल तो देते आणि वर त्यालाच थँक्यू म्हणते. घरी येऊन खर्च कुठे लिहिला, याचा धड्यात उल्लेख नाही. आणि खाली प्रश्न काय, तर "मिसेस ब्राऊनच्या कोणत्या सवयी तुम्हाला आवडल्या?" (तुम्हाला काही आवडल्या असत्या. गाडी ढकलत फिरायची, चिरून-धुऊन पिशवीत बांधलेली मेथी घ्यायची, हे मी तुमच्याकडे पाहिलंय. मेथी चिरायचा कंटाळा आला की माणसाने वांगी घ्यावीत.)

सरांनी मला विचारलं, मॅडम, तुम्ही बाजाराला कोणत्या दिवशी जाता? आता हा काय एका वाक्याचा प्रश्न आहे? मी सांगायला लागले, की तेल आणि मीठ शनिवारी नाही, मीठ दिवेलागणीनंतर तर कुठल्याच दिवशी नाही, पालेभाजी ज्या दिवशी खायची त्याच दिवशी, मासळी ह्यांच्यासाठी बुधवार-रविवार, पण त्यात चतुर्थी आली तर पुढे, श्रावण लागला तर महिनाभर पुढे, आणि पोहे कासू गावाहून येणारी बाई दारावर आली की. सर म्हणाले, मॅडम, छोटं वाक्य करा. मी विचार करून म्हटलं, "नॉट सॅटर्डे." हे माझ्या तोंडून निघालेलं पहिलं इंग्रजी वाक्य. त्याचा मला अभिमान आहे. त्यात खोटं काही नाही.

आता व्हिडिओचा दिवस. सरांनी ठरवलं, की दोघीदोघींनी दुकानदार आणि गिऱ्हाईक व्हायचं, पुस्तकातला संवाद म्हणायचा, त्याचा व्हिडिओ करायचा (माझा तोच आयर्लंडला जाणार होता), आणि जी संवाद पुरा म्हणेल ती पास. माझ्याबरोबर आमना होती. तुम्ही तिला ओळखत नाही. तिचा नवरा फारुख म्हणजे आमच्या बाजारातला कांदेवाला, मुलगा सुफियान मस्कतला, आणि ती मुलाकडे जायचं म्हणून क्लासला येते. बाई लाख चांगली, पण जन्म सगळा गल्ल्यावर गेलेला. सर म्हणाले, खोटे कांदे समजा. आमना म्हणाली, खोटं कशाला, आणि घरून पांढऱ्या कांद्यांची खरीखुरी माळ घेऊन आली. इथेच घात झाला, विहीणबाई. कागदावरचा कांदा असता तर मी मिसेस ब्राऊनसारखी वागले असते. पण तो कांदा एकसारखा, घट्ट, वेणी अशी सुरेख घातलेली, आणि यंदा आमच्या घरात अजून माळ टांगलेली नाही.

संवाद सोपा होता. मी भाव विचारायचा, तिने सांगायचा, मी "हियर यू आर" म्हणून पैसे द्यायचे, तिने थँक्यू म्हणायचं, संपलं. मी भाव विचारला, इंग्रजीतच विचारला, ते तुम्ही ऐकलंच असेल. तिने सांगितला. आणि तो ऐकून माझ्या तोंडून "हियर यू आर" निघेचना. खऱ्या माळेला तो भाव कोण देईल? मी म्हटलं, "टू मच." हे पुस्तकात नव्हतं, मला आपोआप आलं. आमना म्हणाली, "नो टू मच." मी माझा आकडा सांगितला. ती म्हणाली, "नाय परवडत गो शकू, रोपंच महाग झालीत." मी म्हटलं, तुझ्याच दारात लावतेस, रोपं कसली महाग? सर मधे "इंग्लिश, इंग्लिश" करत होते, पण तेव्हा आमच्यात सर नव्हतेच.

यापुढे मी जे केलं ते कुठलीही शहाणी बाई करेल. मी पिशवी काखेला लावली आणि निघाले.

मॉलमध्ये हे करायची सोय नसल्याने तुम्हाला समजावून सांगते. निघणं म्हणजे जाणं नव्हे. निघालं की सावकाश चालायचं, मागे पाहायचं नाही, चेहऱ्यावर पुढच्या दुकानाचा विचार ठेवायचा. मग विकणारी हाक मारते, "ये गो बाय, घे, तुझा भाव." आपण जरा नाराजीनेच परत जायचं. माझ्या सासूबाईंनी मला हे लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं. त्या तर मॅट्रिकसुद्धा नव्हत्या.

तर मी दारातून निघाले. व्हिडिओत तुम्हाला पुढे नुसतं दार दिसलं ते यामुळे. मी माडीच्या पायऱ्या उतरले, हाक नाही. खाली चपलांपाशी आले, हाक नाही. चपला घातल्या, हाक नाही. रस्त्यावर येऊन झेरॉक्सवाल्याकडे उगाच एका कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली. तरी हाक नाही! वर सरांचा मोबाईल चालूच, आमना माळ मांडीवर घेऊन पुतळ्यासारखी बसलेली, आणि पुढे तोच व्हिडिओ आयर्लंडला गेल्यावर माझी मुलगी आणि जावई त्या रिकाम्या दाराकडे पाहत बसले. शेवटी मी स्वतःहून वर गेले. (हा माझ्या आयुष्यातला बाजारातला एकमेव पराभव.) तर माळ विकलेली! आणि कोणाला? हरेश सरांना. आमनाने जो भाव सांगितला तोच त्यांनी दिला, आणि थँक्यूही म्हणाले. आणि वर तोंड करून मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही संवाद अर्धवट सोडलात, मी पास कसं करू?" आमना पास. कारण तिने थँक्यू ऐकून घेतलं.

मी आमनाला नंतर विचारलं, हाक का नाही मारलीस? म्हणते, "तू दारात मागं वळून बघितलंस गो. तेव्हाच कळलं, तुला माळ हवीच हाय." तर विहीणबाई, व्हिडिओ पुन्हा पाहा. मी वळले का? मला वाटत नाही. आणि वळले असेन तर पंखा बंद आहे का ते पाहायला.

एवढ्यावरून मी बाजार करायला नालायक ठरत असेन, तर मंडळात ठराव करा. माझं म्हणणं एवढंच, की इंग्रजी बोलता आलं म्हणून शेपू ओळखता येत नाही. डिंक, खारीक, बाळंतशेपा मी निवडून डब्यांत भरून ठेवलंय. पहिल्या बाळंतपणाला आईच जाणार. तुम्ही रोह्याला सुखाने राहा, गुडघ्याला शेक द्या, आणि बारशाला व्हिडिओ पाहा. व्हिडिओ पाहायची तुम्हाला हौस आहेच.

भाऊसाहेबांना नमस्कार सांगावा, आणि माझ्या बोलण्यात काही तिखट लागलं तर पापड भाजून त्याबरोबर घ्यावं.

आपली,
शकुंतला

ता. क. — पापड तळू नका. तुम्ही तळाल. भाजा.

ता. क. दुसरा — वरचं सगळं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते उघडून हे लिहिते आहे. आत्ता नम्रताचा फोन येऊन गेला. व्हिडिओ पाहून खूप हसले म्हणाली, प्रविणरावांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "आई, तू खाली थांबली होतीस ना, ती हाक मारेल म्हणून?" मी व्हय म्हटलं. तर म्हणते, "इथे कोणी हाक मारत नाही गं. दुकानातसुद्धा नाही. मी दिवसभर पडून असते, तर दारावरसुद्धा कोणी येत नाही." मी विचारलं, रडतेस का? म्हणाली, नाही, सर्दी आहे. तिला सर्दी झाली की ती नाकात बोलते. हा आवाज नाकातला नव्हता.

ता. क. तिसरा — म्हणून असं म्हणते, की दुसरं तिकीट मी माझ्या भिशीतून काढते. (ह्यांना सांगू नका, खोकतील.) आपण दोघी जाऊ. प्रविणरावांना तुम्ही सांगा, तुमचा मुलगा आहे, तुमचं ऐकेल. तिकडे बसमध्ये आणि गल्ल्यावर तुम्ही बोला, भाजी मी निवडेन, आणि गाडी तुम्ही ढकला, तुम्हाला सवय आहे. शनिवारीच जायचं झालं तर जाऊ, तेल-मीठ शुक्रवारी आणू.

आणि मी एखाद्या दुकानातून निघाले, तर मागून हाक मारायचं तेवढं तुमच्याकडे. लगेच मारू नका, भाव पडत नाही. पण मारा.