नेसरीचा दाखला

प्रिय क्रांती,

पत्र बघून म्हणशील, पप्पांना झालंय तरी काय, रोज फोन होतोय की. पण फोनवर तुझा आवाज आला, की जेवलीस का आणि मावशी बरी आहे का, यापुढं माझी गाडी सरकत नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर समजून घे.

आई बरी आहे. खोलीमालकानं अखेर खोलीला रंग दिला, आणि भिंतीवर तू पेन्सिलीनं लिहिलेली गणितं पुसली गेली म्हणून आई त्याच्याशी कडाकडा भांडली. अख्ख्या मंगळवार पेठेला ऐकू गेलं असेल. मी मध्ये पडलो नाही.

आज सकाळी मोबाईलवर उत्पन्नाचा दाखला पाठवला आणि लगेच तुझं ‘थँक्यू पप्पा’ आलं. ते वाचल्यापासून मला घास गोड लागेना. इचलकरंजीत मावशीकडं राहून, दिवसभर दुकानात साड्यांच्या घड्या घालून तू यंदा पुन्हा सीईटी दिलीस, पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लावलास. वीस तारखेच्या आत दाखला जोडला तर फी माफ, नाहीतर गेल्या सालासारखी सीट सोडायची. आता सीट सोडावी लागणार नाही. पण थँक्यू घ्यायची माझी लायकी नाही. का, ते सांगतो.

तुला ठाऊक आहे, आपलं रेशनकार्ड नेसरीचं. दाखला काढायचा तर तिथल्या तलाठ्यापुढं गावातल्या दोन माणसांनी सांगावं लागतं, की ह्याची कमाई एवढीच. आणि नेसरीत मी कोण आहे? शिरोली एमआयडीसीतला सुपरवायझर. कुणी केलं मला सुपरवायझर? मीच. एका जत्रेला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, गावातल्या केरबानं विचारलं काय काम करतोस, आणि तोंडातून निघून गेलं. मग दरवर्षी ते निभावत गेलो. हाताखाली तीस माणसं आहेत म्हणालो. केरबाच्या पोराला कामाला चिकटवतो म्हणालो. देवळाच्या पाटीवर नाव यावं म्हणून देणगी दिली, ती तुझ्या आईच्या भिशीतली. फाउंड्रीत कंत्राटावर साच्यात वाळू भरणारा गडी मी, हाताखाली फावडं सोडून कोण नाही. त्या गावात चारचौघांत उभं राहून वर्षाला एक लाख अठ्ठेचाळीस हजार म्हणायचं, म्हणजे मला मरण वाटायचं.

गेल्या गुरुवारी खाडा करून गेलो. एसटीत दोनदा वाटलं, गडहिंग्लजला उतरावं आणि मागं फिरावं. चावडीत तलाठीबाई बसल्या होत्या, तुझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. पाणी दिलं, कागद बघितले, साक्षीला दोघं आणा म्हणाल्या. केरबा आणि बाळासो कट्ट्यावरच होते. मी खाली मान घालून आकडा सांगितला. केरबानं सही केली आणि म्हणाला, “आरं आकाराम, आमास्नी ठावं हाय की. माझा मेव्हणा तुझ्याच शेडात हाय. तुला बरं वाटतंय म्हणून गप बसलो.” बाळासोनं चहा सांगितला. कुणी हसलं नाही गं. हसले असते तर बरं झालं असतं. एवढी वर्षं मी कुणापुढं मिरवत होतो, सांग. चौथ्या दिवशी दाखला हातात आला.

एवढं वाचून तुझ्या ध्यानात आलंही असेल. तू लहानपणापासून हुशार. तरी मला स्वतः लिहू दे. नेसरीला गेलो त्याच्या आधीच्या रविवारी तुझ्या बारावीच्या पूर्णिमा मॅडमचा फोन आला होता. म्हणाल्या, क्रांती सांगत होती, गेल्या वर्षी तुम्ही नेसरीला दहा हेलपाटे घातले, तरी तलाठ्यानं दाखला दिला नाही. ऐन पावसात भिजत गेला, तापानं पडला. अशा बापाची पोर आहे म्हणूनच पुन्हा परीक्षा दिली, असं म्हणते ती. मॅडम म्हणाल्या, यंदा मी सोबत येते, बघू कसा देत नाहीत. मी फोन ठेवून दिला. पोरी, गेल्या वर्षी मी नेसरीला एकदाही गेलो नव्हतो. डबा घेऊन घरातून निघायचो, दिवसभर रंकाळ्याच्या काठावर बसायचो आणि संध्याकाळी येऊन तलाठ्याला शिव्या द्यायचो. तू मला गरम पाणी काढून द्यायचीस आणि म्हणायचीस, राहू दे पप्पा, किती पळशील. तुझं वर्ष सरकारनं नाही घालवलं, तलाठ्यानं नाही घालवलं, मी घालवलं. मॅडमना अजून काही बोललो नाही. आधी तुला कळायला पाहिजे होतं. तू पुण्याला जा. मला सोडायला येऊ द्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
पप्पा