भूर्जाच्या सालीवरचा अर्ज

आरडल, ६ जानेवारी १८२३

चि. फार्कर यास मोरागताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाताळाला आला नाहीस, तुझ्या वाटणीची ओटाची भाकरी कुत्र्याने खाल्ली. राग धरलेला नाही. काम आहे म्हणून तर मुळीच नाही.

सोबत आमचा अर्ज आहे. तू तिकडे यॉर्कला, कायदे करणाऱ्या सभेचा द्वारपाल. दारं उघडतोस, शेगड्या पेटवतोस, सभासदांचे कागद इकडचे तिकडे करतोस. तेव्हा हा आपल्या भागाच्या चिझम साहेबांच्या हातात दे, खिशात नव्हे. त्यांच्या खिशात गेलेलं परत येत नाही म्हणतात.

मागणी एवढीच. कायद्याने घरटी वर्षाला सहा दिवस रस्त्याचं काम करावं लागतं. आमची माणसं ते दिवस बारा मैलांवर, तुमच्या सभेतल्या हॅलेट साहेबांच्या गिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घालवतात. आम्हाला पैसा नको. लाकूड आमचं, बैल आमचे, खांदे आमचे. यंदाचे आणि पुढच्या वर्षाचे दिवस या उन्हाळ्यात आमच्या नदीवर पूल बांधायला लावायची मुभा तेवढी हवी.

गेल्या एप्रिलचं तुला ठाऊक आहे. बर्फ फुटत होतं, ऊना पलीकडच्या काठावर बाळंतपणात अडली होती आणि सुईण म्हणवणारी मी अलीकडे. अर्धा दिवस नदीवरून ओरडून तिच्या सासूला सांगत राहिले, असं धर, तसं कर. मूल राहिलं नाही. आता ऊनाला पुन्हा मूल हवंय, आणि ते नोव्हेंबरातच आलं तर? म्हणजे बर्फ पाय ठेवण्याजोगं नाही आणि होडीही चालत नाही, नेमके ते दिवस. पूल त्याआधी उभा राहिलाच पाहिजे. तुझी सभा काय म्हणते ते नंतर. मी काय म्हणते ते तुला कळलं ना?

थंडीत छाती झाकत जा. माया आहेच, तू पत्र लिहिलंस तर दिसेलही.

तुझी ताई


यॉर्क, २३ जानेवारी

ती. मोरागताईस फार्करचा सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. काल चिझम साहेब अर्ज घेऊन उभे राहिले आणि सभेने तो घेतला नाही.

ताई, तू मजकूर एका कागदावर लिहिलास, नावं दुसऱ्या तीन कागदांवर घेतलीस आणि पिठाच्या खळीने जोडलंस. जोड इतका सफाईदार की मी दोनदा हातात घेऊनही मला कळला नाही. हॅलेट साहेबांना कळला. त्यांनी कागद खिडकीशी धरला आणि सगळ्यांना जोडाची शिवण दाखवली. इथला नियम असा की विनंती ज्या पानावर, नावंही त्याच पानावर. नाहीतर कोणीही एका अर्जाची माणसं कापून दुसऱ्याला डकवील. मी तुझी खळ ओळखतो, पण द्वारपालाला सभेत तोंड नसतं. मी शेगडीत लाकूड घातलं. जरा जोरात घातलं, इतकंच.

चिझम साहेब म्हणाले की पुढच्या वर्षी बघू. मी सांगितलं की माझी बहीण पुढचं वर्ष ओळखत नाही. नवे अर्ज घ्यायची मुदत १२ फेब्रुवारीला संपते. एक मोठा अखंड कागद मिळव. इथल्या दुकानात असा कागद जूनमध्ये जहाज आलं की मिळेल म्हणतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस.

हे पत्र चिझम साहेबांच्या सहीने धाडतोय, तुला टपालहशील पडणार नाही. लोभ होता तेवढा तरी राहू द्यावा.

तुझा फार्कर


आरडल, ३ फेब्रुवारी

चि. फार्कर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. वाचून चुलीपाशी बसले, पेज करपली. चूक माझी. नेटकेपणाची हौस नडली.

आरडलमध्ये अखंड मोठा कागद म्हणजे पाद्रीसाहेबांच्या बायबलचं शेवटचं कोरं पान, आणि तेही चौदा नावांत भरलं असतं. मग गोठ्यात गेले. तिथे दगडाखाली भूर्जाच्या साली सपाट करून ठेवल्यात, मेपलच्या झाडाचा रस गुळासाठी धरतो त्या द्रोणांसाठी. त्यातली सगळ्यात लांब काढली. माझ्या हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत येते, भोक नाही की चीर नाही. आतली बाजू लोण्यासारखी पिवळट. बोरूची शाई तिच्यावर कागदापेक्षा बरी बसते. तुझ्या नियमात पान एक हवं म्हटलंय. ते कशाचं हवं असं म्हटलं असेल तर मला सांगू नकोस.

शनिवार ते आज, चार घरं सोडली तर सगळीकडे पायी गेले. नदी गोठलीय म्हणून दोन्ही काठ मिळाले. हीच नदी तेव्हा मला पलीकडे जाऊ देत नव्हती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फुल्या केल्या, नावं मी घातली. शेवटच्या घरी ऊनाचा नवरा लाकूडतोडीला रानात गेलेला. ऊनाने बोरू मागितला. मी म्हटलं, सभेला बाईची सही चालते का ते मला माहीत नाही. ती म्हणाली, नदीला बाईचं मूल चाललं. मग मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर घातलं, तिने फुली केली. फुलीला दाढी आहे की नाही हे कोणी बघत नाही.

एक्केचाळीस झाली. हा तुझा भाचा रुअरी बर्फावरची घसरगाडी घेऊन सरळ तुझ्याकडे येतोय. त्याला गरम काही खायला घाल आणि घोड्यालाही.

आशीर्वाद आहेतच, काम झालं की दुप्पट.

ताई


यॉर्क, १३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रुअरी दहा तारखेला पोचला, नाक लाल, साल शाबूत. अकराला ती सभेपुढे गेली.

चिझम साहेबांनी मेजावर उलगडली आणि ती गुंडाळून पुन्हा नळी झाली. पुन्हा उलगडली, पुन्हा नळी. सभासद हसायला लागले. अध्यक्षांनी दोन दौती आणि कायद्याचं जाडं पुस्तक ठेवायला सांगितलं. तीन कोपरे बसले, चौथा धरायला मला बोलावलं. असा मी आठ वर्षांत पहिल्यांदा मेजापाशी उभा राहिलो, आरडलचा एक कोपरा हातात धरून.

हॅलेट साहेब म्हणाले की हे झाड आहे, अर्ज नव्हे. कारकुनाने नियम मोठ्याने वाचला. त्यात एक पान म्हटलंय, कागदाचा शब्द नाही. शिवण आहे का म्हणून हॅलेट साहेबांनी खिडकीशी नेऊन पाहिली, आणि सगळ्यांनी त्यांना पाहताना पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "शिवण देवाने घातलेली नाही, तेव्हा अर्ज घ्यावा लागेल." घेतला.

कायदा व्हायला अजून सभेत तीन वाचनं आहेत, हुरळू नकोस. एवढी पायपीट झाली, पायाला काय लावतेस? लोभाची मी आठवण करून देत नाही, तूच कर.

फार्कर


यॉर्क, २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

झालं. पण कसं झालं ते ऐक.

तिसऱ्या वाचनाच्या दिवशी ऊन पडलं, बर्फाचे रस्ते मऊ झाले, आणि लांबचे सभासद घसरगाड्या जुंपून घरी निघाले. हॅलेट साहेबांनी हळूच हजेरीची मोजणी मागितली. सभा चालायला लागणाऱ्या गणसंख्येला एक कमी. मोजणी पुरी न झाल्यास सभा उठते, आणि तुझं काम तिच्याबरोबर. अध्यक्षांनी मला सभासद शोधायला पाठवलं. मी दोन खानावळी पाहिल्या, तबेला पाहिला, शेवटी न्हाव्याकडे चिझम साहेबांच्या शेजारी बसणारे सभासद सापडले, अर्धी दाढी झालेली. उरलेली मी नंतर स्वतः करून देतो म्हणून त्यांना उठवलं. एका गालावर साबण घेऊन त्यांनी सभेत होकार दिला. वरच्या सभेने मान डोलावली आणि काल गव्हर्नर साहेबांनीही.

एक गंमत. परवाच सभेने नवा नियम केला की यापुढे अर्ज कागदावर किंवा चर्मपत्रावरच असावा. तुझी वाट तुझ्यामागे बंद केली, ताई. साल मात्र कपाटात ठेवलीय. दार उघडलं की अजून नळी होऊन बाहेर येते.

आता पूल बांध. मी लोभ मागत नाही, गूळ मागतो.

फार्कर


आरडल, १९ नोव्हेंबर १८२३

चि. फार्कर यास अनेक आशीर्वाद.

गूळ यंदा थोडाच झाला. एक साल सभेने खाल्ली, द्रोण कमी पडले. आहे तो रुअरीबरोबर पाठवलाय.

परवा पहाटे पलीकडून ऊनाचा निरोप आला. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते, होडी कोणी काढली नसती. पुलाला कठडा अजून नाही, फळ्या ओल्या, मी म्हातारी. टोपली काखेत घेतली आणि चालत गेले. मधोमध थांबून खाली पाहिलं, एवढंच.

मुलगी झाली. चांगली ओरडते. या वेळी मला ओरडावं लागलं नाही.

सभेला सांग, दार खुशाल लावून घ्या. आम्ही पलीकडे पोचलो.

वसंतात ये, पायीच ये. माया इथे वाट बघतेय.

तुझी ताई