गाडी ऑइल पिते

२ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून इंजिनाची रोजनिशी. याआधी वजनाची ठेवत होतो. ती काट्याच्या वागणुकीमुळे बंद करावी लागली. इंजिन तसं नसतं. विचारलं की खरं सांगतं.

आधी प्रकृती, मग लक्षणं. पेट्रोल. नऊशे अठ्ठ्याण्णव सीसी, तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, अडुसष्ट हॉर्सपॉवर. गाडी सेकंडहँड, पण इंजिनाशी जुनी ओळख. याची मालकपुस्तिका इंग्रजीतून मराठीत मीच आणली. पोटासाठी तेच करतो. क्रँकशाफ्टला ‘भुजादंड’ हा शब्द माझा. छापताना कंपनीने परत क्रँकशाफ्ट केलं, हा त्यांचा प्रश्न.

रोजनिशीचं निमित्त: एकवीस तारखेला हिची मुलाखत. शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनची जागा. लग्नाआधी ही हेच काम करायची, मग मुलांपायी सोडलं. आता वयाची अट अशी की या वर्षी नाही तर कधीच नाही. नऊला हजर राहायचं, आणि पहिली बस पोचते साडेनऊला. हिचा धाकटा भाऊ म्हणाला, ताई, मी सोडतो की. मी म्हटलं, घरात गाडी असताना? ही गप्प बसली. मी तो होकार समजलो.

४ नोव्हेंबर
इमारतीसमोरचा रस्ता चढाचा. गाडी तिथेच उभी असते, नाक वर, मागच्या चाकांना विटा. रुबाबदार दिसते. बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढली, पुसली, घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

इंटरनेटवर दोन तास वाचन. या इंजिनाचा बदलौकिक हाच आहे म्हणे: पिस्टनच्या रिंगा ढिल्या पडतात आणि गाडी ऑइल पिते. निदान पक्कं. टॉप-अप केलं. हात धुताना डॉक्टरसारखं वाटलं.

७ नोव्हेंबर
ऑइल परत खाली. टॉप-अप.

ही गॅलरीतून बघत होती. म्हणाली, आम्ही लॅबमध्ये पातळी बघताना नळी सरळ धरायचो. मी म्हटलं, ते रक्त, हे ऑइल. ती म्हणाली, दोन्ही पातळच असतात. बायकांना प्रत्येक विषय आपल्या विषयाकडे ओढायची सवय असते. मला हे गेल्या वर्षी ‘समतल’ शब्दावर टीप लिहिताना जाणवलं होतं.

१० नोव्हेंबर
गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते. गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, साहेब, तीन सिलिंडर आहे, थरथरणारच. मी म्हटलं, इंजिन माउंट गेले असतील. तो म्हणाला, तुम्ही म्हणत असाल तर बदलू. वैद्य असा असू नये. अधिक गंभीर कारण सांगणारं गॅरेज शोधायला हवं.

येताना ऑइलचा मोठा डबा घेतला. डिकीत ठेवला. असलेला बरा.

१२ नोव्हेंबर
निळा धूर.

सकाळी चालू केली तर मागून चक्क निळा. ऑइल जळतंय, याहून मोठा पुरावा कोणता? आनंद होऊ नये, पण झाला. आपलं निदान बरोबर निघालं की आजाराचंही कौतुक वाटतं. मेहुणा नेमका आला होता. म्हणाला, भावोजी, चौकातले डास गेले, नगरपालिका आभार मानेल. दुर्लक्ष केलं. जळतंय म्हणजे कमी होतंय, कमी होतंय म्हणजे भरायला हवं. डिपस्टिकनेही तेच सांगितलं. टॉप-अप.

१४ नोव्हेंबर
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाचं चित्र असलेला. पुस्तिकेत मी याला ‘यंत्रदोषसूचक दीप’ म्हटलं आहे. आज तो प्रत्यक्ष बघताना शब्द जरा लांबला असं वाटलं.

दुसऱ्या गॅरेजात प्लग काढले. काळे, ओले. त्या माणसाने विचारलं, ऑइल किती घालता? मी म्हटलं, लागेल तितकं. तो म्हणाला, मग ठीक आहे, आणि एक इग्निशन कॉइल बदलून दिली. माणूस बरा वाटला. वाद घालत नाही.

एकूण चित्र स्पष्ट आहे. आयुर्वेदात त्रिदोष असतात, तसे इथे तीन सिलिंडरांचे तीन: एक धूर सोडतो, एक थरथरतो, एक अधूनमधून पेटतच नाही. उपचार एकच, स्नेहन.

१६ नोव्हेंबर
थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड. टायमिंग चेन सैल झाली असावी. तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. हे वाचल्यापासून जेवणावर लक्ष नाही.

ही संध्याकाळी खाली आली, हातात वही. म्हणाली, मला जरा प्रश्न विचारा, सवय गेलीय. मी बॉनेटखालूनच विचारले. रक्ताचा नमुना गोठू नये म्हणून काय घालतात? तिने सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात खडखड झाली. मी हात वर करून म्हटलं, थांब, ऐक. ती थांबली. ऐकलं. मग वही मिटून वर गेली. चेनचा आवाज तिलाही गंभीर वाटला असावा.

१८ नोव्हेंबर
गाडीखाली पुठ्ठा ठेवला होता. त्यावर डाग, ऑइलचा. म्हणजे जळतंयही आणि गळतंयही. पितं किती आणि टाकतं किती, माणसासारखंच. टॉप-अप, जरा सढळ हाताने. गळतीचं धरून.

मेहुण्याचा फोन. भावोजी, एकवीस तारखेचं काय? म्हटलं, ठरलंय. तो म्हणाला, तुमचं ठरलंय, गाडीचं विचारतोय. हीसुद्धा ऐकत होती, कारण फोन तिचाच होता.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, अहो, खरं सांगा, पोचेल ना? हसत नव्हती. मी म्हटलं, या इंजिनाबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. ती म्हणाली, तेच म्हणते.

२० नोव्हेंबर
संकल्प: उद्या सहालाच निघायचं. वेग साठच्या आत. एसी बंद. चढावर दुसरा गिअर. मनातसुद्धा घाबरायचं नाही.

हिने साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकली आहे. जुनी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्यांवर तिचं माहेरचं नाव. वाचताना क्षणभर कळेना, ही कोण.

शेवटची तपासणी. ऑइल खुणेखाली. टॉप-अप.

२१ नोव्हेंबर, दुपार
गॅरेजच्या बाकावर बसून लिहितोय. क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते पुढेमागे स्पष्ट होईल.

सहाला निघालो. खडखड, मग धूर, मग बरी चालली. ही फोल्डर मांडीवर धरून समोर बघत होती. मी म्हटलं, बघ, कशी पळतेय. ती म्हणाली, बोलू नका, तिला ऐकू येईल.

गाव सुटलं तसा जोर कमी होऊ लागला. अॅक्सिलरेटर दाबावा आणि गाडीने विचार करावा. आरशात मागचं काही दिसेना, सगळं निळं. मग लाल दिवा. ऑइलचा. एकदा लुकलुकला, विझला, परत लागला आणि लागूनच राहिला. लाल लागला की ताबडतोब थांबावं, नाहीतर इंजिन जाम होतं. थांबलो. सपाट मोकळा रस्ता, दोन्हीकडे शेतं, पोचायला अजून निम्मं अंतर.

लाल दिवा म्हणजे ऑइल संपलं. डिकीतून डबा काढला, झाकण उघडलं. तिरपा करणार तोच हिने माझं मनगट धरलं. म्हणाली, थांबा. इस्त्रीची साडी, आणि तिने डिपस्टिक स्वतः काढली. रुमालाने पुसली, घातली, परत काढली. आडवी धरून माझ्यासमोर आणली. ऑइल वरच्या खुणेच्या वर, चांगलं चार बोटं. फेसाळलेलं.

मी म्हटलं, सपाट रस्त्यामुळे पातळी फुगून दिसते. घरी चढावर खरी दिसते.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लॅबमध्ये नमुन्याकडे बघत असेल तशी. मग म्हणाली, आपण तीन आठवडे भरल्या पोटाला जेवू घालतोय.

मी म्हटलं, आता काय करायचं? माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. मुलाखत होती, वयाची अट होती, आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

ती म्हणाली, काही नाही, येईल तो. तेवढ्यात वळणावरून मेहुण्याची गाडी आली. आमच्या निळ्या धुरात दिसली नव्हती इतकंच. घरापासून मागेच होती. दोघांनी ते तीन दिवसांपूर्वी ठरवलं होतं. मेहुण्याने काच खाली केली. म्हणाला, भावोजी, येताय का, की थांबताय पेशंटजवळ? मी म्हटलं, थांबतो. ही बसली. रुमाल मात्र माझ्या हातात ठेवून गेली.

गाडी टो करून आणली. गॅरेजवाल्याने जादा ऑइल काढून ठेवलं, बादलीभर म्हणावं इतकं. प्लग पुसले. चालू केली. धूर हळूहळू विरला, खडखड नाही, थरथर तेवढी राहिली. तो म्हणाला, इंजिन ठणठणीत आहे, साहेब. कुठलाच दोष नाही.

मला थोडं वाईट वाटलं, ते का, हे लिहीत नाही.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
ही पाचला परतली. मी जिन्यातच गाठलं. सगळं सांगितलं: ऑइल जास्त झालं की भुजादंड त्यात घुसळतो, फेस होतो, फेसाला दाब नसतो, म्हणून लाल दिवा, फेस हवेच्या नळीतून सिलिंडरात जातो, म्हणून निळा धूर, प्लग ओले होतात, म्हणून पिवळा. म्हणजे एकूण एका कारणाने सगळी लक्षणं जुळतात, शास्त्रीयदृष्ट्या फार सुंदर आहे. टायमिंग चेनबद्दलही सांगितलं. ती चपला काढेपर्यंत ऐकत होती. मग हं म्हणाली आणि आत गेली. समाधान वाटलं. इतक्या शांतपणे माझं कुणी ऐकत नाही.

आत्ता मेहुण्याचा फोन आला होता. म्हणाला, अभिनंदन, भावोजी. मी म्हटलं, हो, इंजिन वाचलं. तो म्हणाला, इंजिनाचं नाही. ताईला घेतलं. जागेवरच सांगितलं, एक तारखेपासून. ती म्हणाली, घरी अजून कुणी विचारलं नाही.

आत जाऊन विचारायला हवं. स्वयंपाकघरात दिवा आहे. काय म्हणून सुरुवात करावी, याचा विचार करतोय.