वरिष्ठ ग्रेडरच्या हातांचा ताबा मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य भांडार अधिकारी,
राष्ट्रीय मऊ तंतू राखीव भांडार,
मुख्य इमारत, पहिला मजला (जिथला पंखा चालतो ती खोली)

विषय: जवस विभागाचे वरिष्ठ ग्रेडर या महिनाअखेर निवृत्त होत असून त्यांच्या दोन्ही हातांचा ताबा त्यांच्या पत्नीस रीतसर मिळण्याबाबत.

संदर्भ: ग्रेडरच्या हातांच्या निगेविषयीचा आपल्या कार्यालयाचा नियम. (त्याची प्रत अर्जदार हिच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. तेलाचे डाग पडले असले तरी वाचता येते.)

महोदय,

अर्जदार ही वरील ग्रेडर यांची लग्नाची पत्नी असून आपल्याच भांडाराच्या मागच्या शेडमध्ये फाटकी गोणपाटे शिवण्याच्या कामावर आहे. आपण अर्जदार हिला पाहिले नसेल, पण तिने शिवलेले नक्की पाहिले असेल. देशासाठी म्हणून जो जवसाचा धागा, कापूस, ताग नि अंबाडी आपण साठवून ठेवता, त्याच्या गासड्यांचे आवरण उतरवता-चढवताना फाटते आणि ते पुन्हा सांधणारे जे हात असतात त्यांतले दोन अर्जदार हिचे आहेत. हे आधीच सांगण्याचे कारण पुढे येईल.

१. लग्नानंतर थोड्याच दिवसांत पती हे शिकाऊ ग्रेडर म्हणून भांडारात रुजू झाले व पहिल्याच संध्याकाळी सदर नियमाची प्रत घरी घेऊन आले. त्यात म्हटले आहे की ग्रेडरने साबण, तेल, मीठ, चुना व खरबरीत वस्तू यांचा हातांना स्पर्श होऊ देऊ नये, कारण तंतूचा मऊपणा बोटांनी पाहायचा असतो आणि बोट राठ झाले की ते खोटे बोलते. पतींनी तो कागद अर्जदार हिला उभे राहून वाचून दाखवला. अर्जदार तेव्हा नवी होती, भोळी होती, आणि खोटे कशाला सांगा, तिला अभिमानही वाटला. आपल्या माणसाचे हात सरकारला इतके मोलाचे वाटतात, ही काय लहान गोष्ट आहे? तिने ते हात तळहाताच्या फोडासारखे जपले.

२. त्याचा परिणाम असा झाला की घरातली भांडी, धुणे, पाण्याच्या बादल्या, भिंतीत खिळा मारणे, अडकलेली कडी ठोकणे, जळण फोडणे, गळका नळ आवळणे ही सर्व कामे अर्जदार हिच्याकडे आली. शिवाय शेडमधली सुतळी आणि दाभण आहेच. पतींच्या हातांना काही लागू नये म्हणून जे जे लागायचे ते अर्जदार हिच्या हातांना लागले. असे करता करता पतींचे हात लोण्यासारखे राहिले आणि अर्जदार हिचे हात कशासारखे झाले ते तिने स्वतः सांगायला नको. तळहातांचे ठसे सोबत जोडले आहेत.

आणि मग एके संध्याकाळी पायरीवर बसलेले असताना अर्जदार हिने सहज पतींचा हात हातात घेतला, तेव्हा त्यांनी तो हळूच सोडवून घेतला व म्हणाले, "टोचतो गं तुझा हात. उद्या नवीन माल उतरायचाय." रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर भांडता तरी आले असते! अर्जदार हिने स्वयंपाकघरात जाऊन कागद पुन्हा वाचला. 'खरबरीत वस्तू' या दोन शब्दांत आपण बसतो हे तिला त्या दिवशी कळले. पतींचे हात मऊ ठेवायला तिचे हात राठ झाले आणि तिचे हात राठ झाले म्हणून पतींचे हात तिला वर्ज्य झाले. यात कुणाचे काय चुकले ते आपणच कागदावर मांडून पाहावे. अर्जदार हिचे डोके चालत नाही.

कन्या झाली तेव्हा तिच्या गालाला हात लावायला नियमाची हरकत आली नाही, कारण गाल मऊ. पोटच्या पोरीचा हेवा करणारी बाई आपण पाहिली नसेल तर आता अर्ज वाचून पाहावी.

३. आता मूळ तक्रारीकडे. अर्जदार जिथे बसते त्या शेडच्या बरोबर समोर जवस विभागाची प्रतवारीची खोली आहे. खिडकी मोठी, काच स्वच्छ, कारण उजेड चांगला लागतो. आत काय चालते ते अर्जदार हिला दिवसभर दिसते. पती गासडीतून एक बट ओढून काढतात. काळ्या कापडावर पसरतात. मग डोळे मिटतात, महोदय, डोळे मिटतात! आणि दोन बोटांत धरून ती बट या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू ओढतात. मध्येच थांबतात. मान एका बाजूला कलते. ओठांवर काहीतरी येते. शिकाऊ मुलींना बोलावून सांगतात, "हात लावून बघा, कशी गार लागते. अंगाला कुठे गाठ नाही तिच्या." अर्जदार हिच्या वेणीबद्दल असले एक वाक्य या माणसाच्या तोंडून आजवर निघालेले नाही, आणि ती वेणी एके काळी कमरेच्या खाली होती, हे शेडमधल्या कुणालाही विचारावे.

सुरुवातीच्या काळात पतींच्या कॉलरवर एक लांब पिवळसर सोनेरी केस सापडला होता. अर्जदार हिने घर डोक्यावर घेतले. तो जवसाचा धागा निघाला. बाईचा नव्हता हे कळल्यावर अर्जदार हिला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. बाई असती तर तिला कधीतरी म्हातारपण आले असते. जवस दरवर्षी नवा येतो.

४. आपल्या देशात जवसाचा धागा पुरेसा होत नाही, तो उत्तरेकडच्या थंड देशांतून जहाजाने येतो, हे आपणास सांगायला नको. अर्जदार हिला जगाचा भूगोल याच वाटेने समजला. कुठल्या देशात ताग बुडाला, कुठे कापूस उतू गेला, कुठे जवस फुलावर आला, हे ती वर्तमानपत्रात आधी वाचते, गावातले मेले-जगले नंतर. कारण तिकडे पीक भरघोस आले की इकडे पती अंधार पडल्यावर घरी येतात, जेवताना बोटे एकमेकांवर घासत बसतात, आणि अर्जदार काय बोलते ते त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही.

एका वर्षी मात्र तिकडे जवसावर कीड पडली. जहाजे आली नाहीत. प्रतवारीची खोली रिकामी, काळे कापड घडी घालून ठेवलेले. देशाचा राखीव साठा आटत चालला म्हणून आपल्या कार्यालयात म्हणे रोज बैठका होत. अर्जदार हिच्या घरी ते वर्ष सोन्याचे गेले. पती उजेडी घरी यायचे. पायरीवर बसायचे. एकदा तर म्हणाले, "बस की जरा. सारखी काय उठतेस?" अर्जदार बसली. त्यांचा हात पायरीवर दोघांच्या मध्ये टेकलेला होता, उपडा. अर्जदार हिने आपला हात पदराखाली ठेवला, टोचू नये म्हणून. वाटले होते, अजून थोडे दिवस जाऊ देत, राठपणा कमी होईल, मग बघू. तेवढ्यात तिकडच्या लोकांनी नवे बियाणे आणले आणि जहाजे सुरू झाली.

परक्या देशातल्या शेतकऱ्यांच्या पिकावर पुन्हा कीड पडावी असे अर्जदार हिने नंतर पुष्कळदा मनात आणले आहे. हे वाईट आहे, ती जाणते. त्या शेतकऱ्यांना आपल्यामार्फत दिलगिरी कळवता आल्यास कळवावी.

५. इथपर्यंतचे सगळे अर्जदार हिने सोसले, कारण नियम तो नियम. नियमाशी भांडण नसते. पण गेल्या आठवड्यात जे घडले त्याने तळपायाची आग मस्तकात गेली, आणि म्हणून हा अर्ज.

शेजारी कापूस विभागाचे ग्रेडर राहतात, ज्यांना सगळे भांडार 'मऊसाहेब' म्हणते. अर्जदार त्यांची शिडी परत द्यायला गेली, तर मऊसाहेब मोरीत उकिडवे बसून करपलेले पातेले घासत होते. कोपरापर्यंत साबण! अर्जदार हिच्या हातून शिडी सुटायची राहिली. ती म्हणाली, "अहो भावजी, हात! नियम आहे ना?" ते हसायला लागले. म्हणाले, "नियम कधीच गेला, वहिनी! मशीन आलं तेव्हाच. आता मऊपणा मुख्य इमारतीतलं मशीन सांगतं, बोटांनी बघायचं ते हौसेपुरतं, आम्ही नुसती मान डोलवायची. सगळ्या ग्रेडरांना बसवून सांगितलं होतं साहेबांनी. तुम्हाला बोलले नाहीत घरी?"

मशीन येऊन तीन वर्षे झाली.

अर्जदार म्हणाली, "बोलले होते की, मीच विसरले." त्याच वेळी मऊसाहेबांची बायको आतून आली, पातेल्यात डोकावून नाक मुरडले आणि ओले हात सरळ नवऱ्याच्या मानेला पुसले. तो ओरडला, तिचे मनगट पकडले आणि सोडेनाच. दोघे पोरांसारखे हसत होते. त्या बाईच्या हातांना काय सोने लागले आहे? तीही बादल्या उचलते, तिच्याही बोटांना चिरा आहेत, अर्जदार हिने बघितल्या, नीट निरखून बघितल्या. अर्जदार शिडी भिंतीला टेकवून घरी आली. त्या दिवशी भाजी खारट झाली. पतींनी दही घालून खाल्ली.

६. पतींना याबाबत विचारले का, असे आपण म्हणाल. नाही विचारले. विचारले आणि ते म्हणाले की "अगं, सांगायचंच राहिलं," तर ठीक. सवय लागते माणसाला, इतक्या वर्षांची. पण त्यांनी नुसते भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले तर? नियम होता तोवर अर्जदार हिचा वैरी जवस होता, परदेश होता, आपले कार्यालय होते. नियम नाही म्हटल्यावर कुणाचे नाव घ्यायचे? म्हणून तो कागद तिने अजून काढलेला नाही. उलट एक कोपरा सुटला होता, तो खळ लावून पुन्हा बसवला.

७. तरी विनंती अशी. महिनाअखेर, निवृत्तीच्या दिवशी, पती हे भांडारपालाकडे काळे कापड, फणी, भिंग व पांढरा कोट जमा करतील. ही सामग्री जमा झाल्यावर आपण स्वतः उपस्थित राहून असा लेखी आदेश द्यावा की, भांडारास यापुढे गरज नसल्याने ग्रेडर यांनी आपला उजवा हात पत्नीच्या हातात द्यावा, आणि प्रतवारीच्या खोलीपासून अंगण ओलांडून, शेडवरून, कापूस विभागावरून मुख्य फाटकापर्यंत तो सोडू नये. दुपारी मऊसाहेबांची बायको डबा पोचवायला आलेली असते, तीच वेळ धरावी. डाव्या हाताचे नंतर पाहता येईल. हात मिळाल्याची पोच अर्जदार जागेवर सही करून देईल.

आदेश तोंडी नको. तोंडी सांगितले तर पती हसून टाळतील. लेखी आदेश त्यांनी अख्ख्या नोकरीत कधी मोडलेला नाही, हे आपणही जाणता. आदेश असला म्हणजे ते हात देतील, नक्की देतील. मग आदेश नसता तरी दिला असता की नाही, हे अर्जदार हिला कधीच कळणार नाही. तिला ते कळायला नकोच आहे.

फाटकाच्या पुढे काय होईल ते भांडाराच्या हद्दीबाहेरचे आहे. त्याबद्दल अर्जदार कार्यालयास त्रास देणार नाही.

आपल्याच मागच्या शेडमधली, नम्र,
(सही)
वरिष्ठ ग्रेडर, जवस विभाग, यांची पत्नी

दिनांक: पतींच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यातला दुसरा सोमवार

सोबत:
१) अर्जदार हिच्या दोन्ही तळहातांचे शाईचे ठसे. 'खरबरीत वस्तू' या सदरात खरोखर बसतात की कसे, हे कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावे.
२) जवसाचा एक धागा, पतींच्या कॉलरवर सापडलेला. इतकी वर्षे डब्यात जपून ठेवला होता. भांडाराची मालमत्ता असल्याने परत करीत आहे.

ता. क.: आदेश पतींना वाचून दाखवताना 'पत्नीच्या विनंतीवरून' हे शब्द कृपया वाचू नयेत.